तीनशे गोळ्यांचं मिनिट

अष्टमीच्या संध्याकाळी साडेपाचला यंत्राने एका मिनिटात तीनशे चार लिमलेटच्या गोळ्या कागदात गुंडाळल्या, आणि मालिनी टिपणीस वर्कशॉपच्या मधोमध उभी राहून चक्क किंचाळली. बत्तीस वर्षांची बाई, मेकॅनिकल इंजिनिअर, शिरगावच्या सोसायटीत जिच्या गंभीर चेहऱ्याला पोरं वचकून असायची. ती गोळ्यांची परात डोक्यावर घेऊन नाचायचीच काय ती बाकी राहिली होती.

"मॅडम, एकदम सॉलिड! बोले तो इटलीवाला गया तेल लेने!" वायरिंग बघणारा चिंतामणी ओरडला. टर्नर हिरामणने एक गोळी सोलून तोंडात टाकली आणि डोळे मिटून चघळत राहिला. ज्याच्या हातांनी हे सगळं जुळून आलं होतं तो फिटर किसनदादा मात्र नुसता हसला आणि फडक्याने बोटं पुसत बसला. चार माणसांचा हा विभाग, पण त्या घटकेला चाळीस माणसांएवढा आरडाओरडा झाला.

आरडाओरडा व्हायलाच हवा होता. साल एक्याण्णव. परदेशी यंत्रं आणणं सोपं होऊ लागलं होतं आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदारांची झोप उडाली होती. दिनानाथसाहेबांचा कारखाना साठ माणसांचा, जन्मभर पंपांचे सुटे भाग बनवत आलेला. उल्हासनगरात कॅम्प नंबर पाचला टेकचंद शेठचा लिमलेटचा कारखाना होता. त्याचं जुनं यंत्र मिनिटाला नव्वद गोळ्या गुंडाळायचं आणि त्यातल्या दहा चावून टाकायचं. मालिनीने साहेबांच्या मागे लागून लागून त्याच्यासाठी नवं यंत्र बनवायची परवानगी मिळवली होती. शेठची अट सरळ होती. "दशहरे के दिन, ग्यारह बजे, मेरे सामने दस मिनट. मिनट का तीन सौ. बीच में एक बार भी बंद हुआ तो मैं इटली का सेकंडहँड उठा लूँगा."

साहेबांची अट त्याहून सरळ होती. "नाही चाललं तर हा विभाग बंद, मालिनी. किसन आणि हिरामण जातील मेंटेनन्सला, चिंतामणी घरी, आणि तू परत ड्रॉइंग बोर्डावर. आणखी एक वर्ष मी हा हट्ट पोसू शकत नाही."

वर्षापूर्वी ही माणसं तिच्या हाती आली, तेव्हा तिने आधीच्या साहेबलोकांचंच गिरवलं होतं. एक रजिस्टर आणलं, आणि रोज सकाळी कोणी काय चूक केली ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आठ दिवसांत चुका बंद झाल्या. म्हणजे सांगणं बंद झालं, चुका जोरात चालू होत्या. एके दिवशी आगीसाठी ठेवलेल्या लाल बादलीच्या वाळूत तिला मोडलेली तीन ड्रिल सापडली, नीट पुरून ठेवलेली. त्याच आठवड्यात तिच्या स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये एक भोक चार मिलिमीटर सरकलं आणि हिरामणची दोन दिवसांची मेहनत भंगारात गेली. ती रात्र ती झोपली नाही. सकाळी तिने रजिस्टर कपाटात टाकलं, सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "भोक मी चुकवलं. आजपासून चूक ज्याची, कबुली त्याची आणि चहा माझा." फाटकाजवळच्या मोतीबाईच्या टपरीचा धंदा त्या महिन्यात दुप्पट झाला. यंत्र खरं पुढे सरकलं ते तेव्हापासून.

आता किसनदादाच्या रजेचं. त्याची आई जनाबाई छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेली होती, किसन तेव्हा दहा वर्षांचा. त्यानंतर तिला परत जायला मिळालं नव्हतं. यंदा गुडघे अजून चालतायत तोवर तिला दसऱ्याला दीक्षाभूमीवर न्यायचं, म्हणून त्याने चैत्रातच रजा मागितली आणि मालिनीने शब्द दिला. शेठने नेमका दसरा धरला तो नंतर. "रजा रद्द कर," साहेब म्हणाले होते. "त्यांचं काम अष्टमीपर्यंत पुरं होईल," एवढंच मालिनीने सांगितलं, आणि ते खरोखर झालं होतं.

खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता वर्कशॉप ओळखू येत नव्हतं. झेंडूची तोरणं, लाल कापडावर ओळीने मांडलेले पाने, हातोड्या, कानशी, मापं. गुरुजी गंध उगाळत बसले होते. साठ माणसांची हत्यारं एकदा पूजेला बसली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही तिथली रीत. मालिनी नवी साडी नेसून आली होती आणि तिला राहवत नव्हतं. "पूजेच्या आधी एकदा डोळे भरून बघू या," असं म्हणत तिने हिरवं बटन दाबलं.

कचक! पहिली गोळी मधोमध कापली गेली. दुसरी कागदाशिवाय उडून गुरुजींच्या ताम्हनात पडली. तिसरीचा भुगा झाला. मालिनीने यंत्र बंद केलं. काल संध्याकाळी तीनशे चार आणि आज एकही नाही. चिंतामणी तारा तपासू लागला, पण बिघाड तारांचा नाही हे आंधळ्यालाही दिसत होतं. कागद कापणारं पातं गोळी पुरती सरकायच्या आधी खाली येत होतं.

हिरामण खांबाच्या आड उभा होता. वांगणीचा, चाळिशीचा, दांडगा माणूस, पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. तो दोन पावलं पुढे आला, थांबला, पुन्हा पुढे आला.

"मॅडम, चहा मांगवा," तो म्हणाला. "मोठा मांगवा."

"काय झालं?" मालिनीने विचारलं.

"काल तुमी गेल्यावर मी मशीन धुवली. सकाली पूजा, मंग अशी कालीकुट्ट कशी बसवायची? साखरंचा चिकटा बसलेला. ती आतली दोन चाकां काढली, घासलेटान घासली, लख्ख केली न परत बसवली. त्यांच्यावर किसनदादाचे पिवले टिपके व्हते." त्याने चाकांकडे बोट केलं. "ते बी लख्ख झाले."

त्या दोन चाकांवर ठरायचं की पातं कधी उतरणार आणि कागदाची टोकं पिळणारे चिमटे कधी मिटणार. किसनदादाने तीन महिने खपून त्यांचा मेळ बसवला होता, आणि कोणतं चाक कुठे धरायचं त्याची खूण पिवळ्या रंगाने केली होती. ती खूण आता घासलेटच्या डब्यात विरघळली होती. देवाच्या नावाने केलेल्या सफाईने पूजेला बसवायचं यंत्रच मोडीत काढलं होतं.

एवढ्यात साहेब आले. त्यांना कळायला अर्धं मिनिट पुरलं, आणि मग त्यांनी हिरामणच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. गुरुजी गंध उगाळायचे थांबले.

"साहेब," मालिनी मध्ये पडली, "खूण पुसली जाईल अशी राहू दिली, ती चूक माझी. रंगावर न थांबता पंच ठोकून धातूतच खूण करून घ्यायला हवी होती, ते मी सांगायचं होतं. आज दोन चहा झाले."

"चहा गेला खड्ड्यात! किसनची गाडी कल्याणहून दोनला आहे ना? रिक्षा कर आणि त्याला घरातून उचलून आण."

"जाते. हिरामणला सोबत नेते."

"त्या गाढवाला कशाला?"

"सेटिंग तेच करणार आहेत."

साहेबांचा आवाज चढला. "ज्याने घाण केली त्याच्याच हातात परत द्यायचं?"

"ती चाकं आजवर दोनच माणसांनी काढून बसवलीत, साहेब. त्यातला एक नागपूरला चाललाय."

मालिनीला रिक्षात बसल्यावरच कळलं की आपण काय बोलून बसलो. रस्त्यात हिरामण एकदाच म्हणाला, "मला सेटिंगमधला काय पन कलत नाय, मॅडम." "मलाही नाही," मालिनी म्हणाली, आणि ते दुर्दैवाने खरं होतं.

बुवापाड्यात किसनदादाच्या दारात पत्र्याची ट्रंक आणि दोन पिशव्या तयार होत्या. जनाबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून त्या ट्रंकेवर बसली होती. सून म्हणाली, पहाटे पाचपासून अशीच बसलीय. मालिनीने काय झालं ते सांगितलं. किसनदादाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एकदा हिरामणकडे बघितलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"चला," तो म्हणाला. "आई, पुढच्या वर्षी जाऊ आपण."

जनाबाई खाली वाकली आणि पायातल्या नव्या चपलांचे पट्टे सोडू लागली.

खरं सांगायचं तर, 'या, किसनदादा' हा शब्द मालिनीच्या जिभेवर आला होता. एक शब्द, की संध्याकाळपर्यंत यंत्र पळालं असतं, विभाग वाचला असता, चिंतामणीची नोकरी वाचली असती. आणि शब्द तिने मोडला नव्हता, त्याने आपणहून रजा सोडली होती, असं म्हणायलाही जागा होती. पण म्हातारीची बोटं त्या पट्ट्याशी अडखळत होती.

"आजी, चपला घाला," ती म्हणाली. "किसनदादा, मला तुम्ही नकोत, तुमचा अर्धा तास हवाय. मेळ कसा बसतो तेवढं हिरामणला सांगा."

"सांगू काय? आकडा नाही ओ त्याला. असता तर लिहून दिला असता. आवाज आहे." त्याने हाताने चाक फिरवल्यासारखं केलं. "गोळी पडते, टक्. मग जराशी गप्प. मग कागद कापला, चर्र. आणि लगेच चिमटे, खुट्-खुट्. ती मधली गप्प बरोबर पडली पाहिजे. जास्त पडली तर कागद फाटतो, कमी पडली तर गोळी कापते."

मालिनीने डायरी उघडली, तीन रेघा ओढल्या आणि मिटली. तिच्या कानाला टक् काय आणि खुट् काय, सगळं सारखंच. किसनदादा ट्रंकेच्या कडेवर वाजवून दाखवू लागला. हिरामणने ऐकलं, मान एका बाजूला केली आणि एकदम म्हणाला, "दादा, परत वाजव. हा तर आमच्या भजनातला ठेका हाय, फक्त तिसरी मात्रा खाल्लेली!"

हिरामण वांगणीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, हे वर्षभर एकत्र काम करून मालिनीला माहीत नव्हतं. आपण माणसांना फार ओळखतो अशा तोऱ्यात ती वावरत होती, तो तोरा तिथेच उतरला. हिरामण उकिडवा बसला आणि ट्रंकेवर बोटं मारू लागला. टक्, गप्प, चर्र, खुट्-खुट्. किसनदादा मान हलवायचा, नाही, अजून नाही.

"दुसरी टिचकी घाईनं पडतीय त्याची," जनाबाई अचानक म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "काय बघता? तीन महिने हा माझा पोरगा जेवताना ताटावर हेच वाजवतोय. मला पाठ झालंय." आणि तिने हिरामणचा हात धरून स्वतःच्या हाताने ट्रंकेवर ठेका धरला. चौथ्या वेळी किसनदादाच्या चेहऱ्यावर हसू आलं.

निघताना त्याने कमरेची किल्ली काढून दिली. "हत्यारं कुठून आणाल? सगळी पूजेत असतील. माझी पेटी खालच्या फळीवर आहे, ती मी पूजेला ठेवत नाही, हे सगळ्यांना ठाऊकच आहे." ठाऊक होतं, आणि दर वर्षी त्यावरून दोन-चार नाकं मुरडलीही जायची. या वर्षी ती पेटी दिसल्यावर चिंतामणीने तिला मिठी मारली.

उरला प्रश्न यंत्राचा. पूजा सुरू झाली होती आणि गुरुजी हार घेऊन यंत्राकडेच येत होते. हिरामण आडवा आला. "याला आज नाय बसवायचा, गुरुजी. जल्मला नाय अजून. पोर जल्माच्या आधी बारसा कोन करतो काय?" गुरुजींनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि हार पलीकडच्या लेथला घालायला सांगितला.

मग साडेबारापासून जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. मालिनीने पदर खोचला आणि यंत्राचं हाताने फिरवायचं चाक धरलं. हिरामण यंत्राच्या अंगाला कान लावून, डोळे मिटून बसला. "थांबा. एक दात मागं. फिरवा. नाय, ओव्हर झाला. अर्धा पुढं." चिंतामणी कापलेल्या गोळ्या गोळा करून मोजत होता आणि अधूनमधून खात होता. दहा वेळा, वीस वेळा. मालिनीचे दंड भरून आले. तिला सतत बोलावंसं वाटत होतं, 'असं करून बघा, तसं करून बघा', आणि तिने वर्षभरात शिकलेली सगळ्यात अवघड गोष्ट त्या दुपारी केली. ती गप्प बसली.

साडेपाचला हिरामणने डोळे उघडले. "आला," तो हळूच म्हणाला. "मॅडम, आला! बटन मारा!"

तीनशे दोन. यंत्र असं धावत होतं की जमीन पायांखाली गुणगुणत होती. या वेळी मालिनी किंचाळली नाही. तिने आधी यंत्र थांबवलं, किसनदादाच्या पेटीतला पंच घेतला आणि दोन्ही चाकांवर स्वतःच्या हाताने ठोकून खुणा केल्या. मग किंचाळली.

दसऱ्याला पावणेअकराला टेकचंद शेठ आले. सफारी, कपाळाला टिळा, हातात शर्यतीवाल्यासारखं स्टॉपवॉच. सकाळीच यंत्राची पूजा होऊन हार पडला होता. अख्खा कारखाना अर्धगोल करून उभा. बरोबर अकराला मालिनीने बटन दाबलं.

एक मिनिट, तीनशे तीन. दोन मिनिटं, तीन, चार. गोळ्या परातीत अशा कोसळत होत्या की शेठबरोबर आलेला त्यांचा मुलगा परात बदलता बदलता घामाघूम झाला. पाचव्या मिनिटाला साहेबांच्या तोंडावर रंग आला. सहाव्याला कोणीतरी शिट्टी मारली. सातव्याला चिंतामणी मालिनीच्या कानात ओरडला, "मॅडम, जमला मामला! जिंकलो!" आणखी तीन मिनिटं.

आठ मिनिटं चाळीस सेकंदांवर हिरामणची मान एका बाजूला कलली. मग त्याने हात वर केला.

"बंद!"

मालिनीचा तळहात लाल बटनावर पडला. यंत्र थांबलं. एवढ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये फक्त शेवटची गोळी परातीत गडगडत गेली, तेवढाच आवाज.

"काय केलंस हे?" साहेब ओरडले. शेठने स्टॉपवॉच वर धरलं. "मैंने क्या बोला था? एक बार भी बंद हुआ तो?"

हिरामण मालिनीकडे वळला. "मॅडम, ठेका चुकला. मात्रा मागं पडत व्हती. मी... मला वाटला..."

"खोला," मालिनी म्हणाली. किसनदादाच्या पेटीतला पाना घेऊन हिरामणने बाजूचं झाकण काढलं, चिमट्यांचा दांडा सोडवला आणि त्यातली करंगळीच्या नखाएवढी पिन तळहातावर घेतली. अर्ध्याहून जास्त चिरलेली. दांडा धरून ठेवणारी ती एकच पिन. ती पुरती तुटली असती तर दांडा चाकात घुसला असता आणि शेठसमोर, सगळ्यांच्या देखत, यंत्राचा चेंदामेंदा झाला असता.

शेठने पिन चिमटीत धरली, उजेडाकडे नेली.

"इतने शोर में तुमको सुनाई दिया?" त्यांनी हिरामणला विचारलं. हिरामणने मान डोलवली. शेठ स्टुलावर बसले. "मेरे यहाँ मार्च में ऐसा ही हुआ. ऑपरेटर को आवाज आया था. एक घंटा पहले आया था. बंद नहीं किया, बोला सेठ चिल्लाएगा. नौ दिन कारखाना बंद." त्यांनी पिन खिशात टाकली. "नया पिन डालो. घड़ी झीरो."

पिन बदलायला चार मिनिटं लागली. मग यंत्र परत सुरू झालं आणि या वेळी शेठ सोडून कोणी मिनिटं मोजलीच नाहीत. सगळे हिरामणच्या मानेकडे बघत होते. मान सरळ होती. हळूहळू त्याची बोटं मांडीवर ठेका धरू लागली, आणि चिंतामणीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग साठ माणसं त्या ठेक्यात टाळ्या वाजवायला लागली. टक्, गप्प, चर्र, खुट्-खुट्. दहा मिनिटांनी शेठने घड्याळ बंद केलं. तीन हजार एकवीस. छप्पर उडतंय की काय असं वाटण्याइतका जल्लोष झाला, आणि साहेबांनी भान विसरून हिरामणला उचलायचा प्रयत्न केला, जो अर्थातच फसला.

गडबड थोडी निवल्यावर शेठ मालिनीजवळ आले. "एक बात पूछूँ, मॅडम? इसने हाथ उठाया और आपने बटन दबा दिया. अपने साहब की तरफ देखा तक नहीं. क्यों?"

"बघितलं असतं शेठ," मालिनी म्हणाली, "तर साहेब नको म्हणाले असते."

आधी साहेबच हसले, मग सगळे. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी मालिनीच्या हातात आपट्याची पानं ठेवली. "दो मशीन. एक दिवाली तक, एक उसके बाद. और ये आदमी एक महीना मेरे कारखाने में बैठेगा. मेरे लोगों को सिखाएगा."

हिरामण गोंधळला. "काय शिकवू शेठ? मशीन चालू कराला?"

"चालू करना तो सबको आता है, बाबा," टेकचंद शेठ म्हणाले. "मेरे लोगों को बंद करना सिखाओ."

हिरामणने मालिनीकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आलेले त्याला सगळ्यांसमोर दिसले. तिने ते पुसले नाहीत.